चौदा तासांचं अंतर

परवा सहजच इंटरनेटवर पुन्हा एकदा शोधून बघितलं : नेवार्क ते मुंबई. उत्तर तेच. साधारण साडेबारा हजार किलोमीटर, थेट विमानाने सुमारे चौदा तास.

याच आकड्याने गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात घोळ घातला. शनिवारी दुपारी तीनला अण्णा गेले. धाकटा भाऊ न्यूजर्सीला. तिथे पहाटेचे साडेपाच. फोनवर एवढंच म्हणाला, "दादा, निघतोय. थांबा." जमलेल्यांपैकी कुणीतरी मोबाईलवर बघून सांगितलं, चौदा तासच तर आहेत, उद्या सकाळी पोचेल. झालं, थांबायचं ठरलं.

पण ते चौदा तास फक्त थेट विमानाचे, आणि त्या दिवशी त्यात जागा असेल तर! त्याला मिळालं ते रात्री नऊचं, दुबईमार्गे. म्हणजे सोमवार उजाडणार. रात्री आई म्हणाली, "यांना असं किती वेळ ठेवायचं?" रविवारी सकाळी दहाला आम्ही स्मशानात होतो, तेव्हा हा अटलांटिकवर कुठेतरी.

विमानाचे तास म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. तिकडे जाताना समोरून वारा, म्हणून तास-दीड तास जास्तच लागतो. २०२२ मध्ये रशियाने अमेरिकी विमानांना आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा किलोमीटर तेवढेच राहिले आणि वळसे वाढले. आणि त्या हिशेबात आमचं सातिवली तर धरलेलंच नसतं. सहार ते सातिवली चाळीसेक किलोमीटर. पण दहिसर, काशिमिरा, वर्सोवा पूल, आणि रात्रीचे ट्रक! रात्री एकला उतरलेला माणूस दोनला बाहेर पडला आणि पावणेपाचला दारात आला. चौदा तासांचे अडतीस झाले होते.

अण्णांच्या फोटोला हार घातलेला. तो फोटोकडे बघत म्हणाला, "थांबला नाहीत." पुढे कित्येक महिने आमचं जेवढ्यास तेवढं बोलणं.

म्हणून मला आता 'जग किती जवळ आलंय' असं कुणी म्हटलं की राग येतो. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी अंतर विमानतळापासून मोजू नये, दारापासून दारापर्यंत मोजावं. दीड ते दोन दिवस धरावेत, आणि थांबायचं की नाही हे आई-वडील धडधाकट असतानाच त्यांना विचारून ठेवावं. अभद्र वाटतं, कबूल. पण ऐन वेळी मोबाईलवरच्या आकड्यावरून ठरवण्यापेक्षा बरं. तिकडच्यांनीही शेवटचं तोंड बघायला धावत येण्याची तयारी ठेवण्यापेक्षा, तेच तिकीट आधी काढावं.

आमच्या आईने विचारायचीही वाट बघितली नाही. मध्यंतरी फोनवर तिनेच त्याला सांगितलं, "माझ्या वेळी कुणी कुणासाठी थांबू नका. तुला यायचंय ना? मग आत्ता ये, दोन घास माझ्या हातचे खाऊन जा."

पुढच्या महिन्यात येतोय. विमान रात्री एकलाच उतरतं. मी घरातून नऊलाच निघणार आहे.