माझं पथ्य माझ्याच ताटात

डिसेंबर लागला की नाशिकच्या गंगापूर रोडवर पहाटे धावणाऱ्यांची वर्दळ वाढते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, तिची तयारी करणारे त्यात असतात आणि थंडीचं निमित्त साधून वजन उतरवायला निघालेलेही असतात. धावून झाल्यावर चहाच्या टपरीपाशी पूर्वी बुटांवर आणि गुडघ्यांवर गप्पा व्हायच्या. आता विषय बहुधा कीटोचा असतो. त्यात अलीकडे एक वाक्य वारंवार कानावर येतं: ‘आम्ही अख्खं घरच कीटोवर नेलंय.’ बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान असतो. मला मात्र त्याच्या घरातल्या मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची काळजी वाटते.

मी स्वतः कीटो करतो. वय ५२, टाइप टू मधुमेह, सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाचं काम, म्हणजे दिवसभर खुर्ची. डॉक्टरांनी माझ्या तपासण्या पाहिल्या, गोळ्या बदलल्या आणि मगच भात-भाकरी बंद करायला सांगितली. मला गुण आला. पोटाचा घेर उतरला, तीन महिन्यांची सरासरी साखर खाली आली, एक गोळी कमी झाली. या आहाराबद्दल माझी तक्रार काहीच नाही. तो पथ्य आहे आणि पथ्य ज्याचं त्यानं पाळायचं असतं, एवढंच मला सांगायचं आहे.

कीटोचा जन्मच दवाखान्यातला आहे. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी तो सुचवला. उपासात शरीर चरबी जाळून कीटोन तयार करतं आणि झटके कमी होतात, हे आधीच लक्षात आलं होतं. उपास न घडवता तोच परिणाम साधायचा, म्हणून ताटातली कर्बोदकं जवळजवळ काढून टाकली आणि स्निग्ध पदार्थ भरले. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी आजही लहान मुलांना हा आहार दिला जातो. पण तो आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ग्रॅमवर तोलून दिला जातो. मुलाची उंची-वजन वाढतंय ना, मूतखडे होत नाहीत ना, कोलेस्टेरॉल कुठे चाललंय, हे पुन्हा पुन्हा तपासलं जातं. आजारी मुलासाठी एवढी राखण करावी लागते, तर ठणठणीत मुलाला युट्यूब बघून त्याच आहारावर कोणत्या भरवशावर घालायचं?

माझा मुलगा दहावीत आहे आणि कबड्डी खेळतो. पन्नासेक ग्रॅम पिठाच्या एका बाजरीच्या भाकरीत तीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात. कीटोत दिवसभराची मर्यादा साधारण २० ते ५० ग्रॅम. म्हणजे त्याच्या एका जेवणातल्या दोन भाकऱ्यांतच माझा दिवसाचा कोटा संपून वर जातो. त्याचं हाड वाढतंय, तो मैदानावर घाम गाळतो. त्याच्या भाकरीला हात लावायचं मला कारणच नाही. आईची गोष्ट वेगळी, पण निष्कर्ष तोच. तिचं वय ७८, अंगावर मुळात मांस कमी. कीटोनं भूक मरते. माझ्यासाठी ते वरदान ठरलं, पण तिच्या वयाला भूक मेली की वजनाबरोबर स्नायूही जातात आणि मग न्हाणीघरातला एक घसरता पायही महागात पडतो. ‘थंडीत बाजरी नाही खायची तर कधी खायची?’ असं ती विचारते, तेव्हा तिचं म्हणणं वैद्यकाच्या हिशेबानंही बरोबर असतं.

अख्खं घर कीटोवर जातं त्यामागचं खरं कारण मला स्वयंपाकघरात दिसतं. एकाचं पथ्य सुरू झालं की घरातल्या बाईवर दोन स्वयंपाक येऊन पडतात. नोकरी करून दोन-दोन स्वयंपाक रांधणं कुणालाही झेपणार नाही, मग सगळ्यांना एकाच ताटावर आणलं जातं. त्यात तिचा दोष नाही. ज्याचं पथ्य, त्यानं ओट्यापाशी उभं राहावं. माझी अंडी, पनीर, तव्यावर परतलेली मेथी मीच करतो. हिवाळ्यातला बाजार यासाठी सोपा असतो. मेथी, पालक, कांद्याची पात, मुळा, फ्लॉवर, सगळं माझ्या ताटात बसतं. हुरडा बसत नाही. भोगीची तीळ लावलेली भाकरी आणि गाजर-वाटाणा-पावट्याची भाजी घरात होते, बाकीचे पोटभर खातात. मी शेंगदाण्याचा कूट घालून वांगं खातो आणि त्यांच्यात बसून जेवतो.

आता धावण्याबद्दल. कीटोवर धावता येतं. सावकाश धावलं तर चरबीचं इंधन पुरतं, सोमेश्वरपर्यंतची आमची रविवारची फेरी मी निवांत करतो. पण वेग वाढवायचा म्हटलं की शरीर कमी पडतं. पांडवलेणीच्या चढावर मला ते स्पष्ट जाणवतं. ऑस्ट्रेलियात लुईस बर्क आणि सहकाऱ्यांनी चालण्याच्या शर्यतीतल्या जागतिक दर्जाच्या खेळाडूंवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटोवरचे खेळाडू चरबी भरपूर जाळू लागले, पण त्याच वेगासाठी त्यांना प्राणवायू जास्त लागू लागला. कर्बोदकं खाणाऱ्यांची वेळ सुधारली, यांची सुधारली नाही. म्हणून मॅरेथॉनची वेळ सुधारू पाहणाऱ्या निरोगी तरुणानं माझं ताट बघून भाकरी सोडू नये.

थंडीत आणखी एक धोका असतो, तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. कीटोत इन्शुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी जास्त टाकू लागतात. हिवाळ्यात तहान लागत नाही, घाम सुकून जातो, त्यामुळे पाणी कमी पडलंय हे कळतच नाही. मग पोटऱ्यांत गोळे येतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मी धावण्याआधी मीठ घातलेलं सूप पितो. तेही डॉक्टरांना विचारून, कारण रक्तदाबाच्या रुग्णाला मीठ आपल्या मनानं वाढवता येत नाही. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो, हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके वाढतात. निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात. शहरातही पहाटे कचरा जळत असतो आणि थंड हवेत तो धूर जमिनीलगत साचून राहतो. म्हणून पाचच्या अंधारात निघण्यापेक्षा ऊन पडल्यावर, घरातच अंग गरम करून निघावं. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर नक्कीच.

सगळ्यात मोठी भीती गोळ्यांची आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. यातल्या पहिलीचं पेटंट २०२० मध्ये संपलं, ती स्वस्त झाली आणि घराघरात पोहोचली. या दोन्हींपैकी कोणतीही गोळी चालू असताना कीटो केलं तर रक्तात आम्ल साचू शकतं आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेलीही नसते. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसतात. धावणारा माणूस त्याला थकवा समजतो. हा प्रकार जीवघेणा आहे. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्याची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांचे डोसही पुन्हा ठरवावे लागतात. टाइप वनच्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर हा प्रयोग आपल्या मनानं करूच नये.

घराचं खाणं सुधारायला नको, असं मात्र मी म्हणणार नाही. आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आपल्या आहारातली साधारण ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. पोहे, चहा-बिस्किटं, पोळी, भात, उपासाला साबुदाणा; आपला दिवस बघितला तर हे पटतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की तृणधान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या आत असावा. तेवढं प्रत्येक घराला जमण्यासारखं आहे. आमच्याकडे बिस्किटांचा डबा गेला, चहातली साखर अर्धी झाली, भात निम्मा आणि मटकीची उसळ, वरण दुप्पट झालं. हे बदल आईला, मुलाला, बायकोला, सगळ्यांना मानवले. त्यात मुलाची भाकरी टिकली आणि आईच्या बाजरीलाही कुणी हात लावला नाही.

येत्या जानेवारीत कीटो सुरू करायचा विचार असेल, तर ज्याला गरज आहे त्या एकानंच करा. पण त्याआधी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा आणि ती त्यांच्या टेबलावर मांडून विचारा. ‘कोणती साखरेची, कोणती दाबाची, मला ठाऊक आहे’ असं म्हणून पाकिटं घरी ठेवू नका.