पंखांचे गणित आणि ज्ञानाची मालकी

अर्थशास्त्राच्या माणसाने लढाऊ विमानाच्या पंखांविषयी लिहावे, हे काही मित्रांना अप्रस्तुत वाटेल. परंतु शस्त्रास्त्रांवरील खर्चाची चिकित्सा करू पाहणाऱ्यांनी ती शस्त्रे कशी घडतात हे समजून घेतले नाही, तर त्यांची टीका भावनेच्या पातळीवरच राहते. म्हणून अमेरिकी नौदलाच्या एफ-१४ ‘टॉमकॅट’ या दोन इंजिनांच्या विमानाचे उदाहरण घेऊ. १९७० च्या डिसेंबरात ते प्रथम उडाले आणि २००६ साली त्या नौदलातून निवृत्त झाले.

विमानवाहू नौकेवरील विमानापुढे मूलतःच एक अंतर्विरोध असतो. आखूड डेकवर उतरताना वेग कमी हवा. त्यासाठी लांब, पसरलेले पंख लागतात. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाताना मात्र तेच पंख हवेचा प्रचंड रोध ओढवून घेतात. तेथे मागे वळलेले पंखच उपयोगी पडतात. ग्रमन कंपनीच्या अभियंत्यांनी पंखच फिरते केले : उतरताना २० अंश, अतिवेगात ६८ अंश. त्यांचा सारा भार टायटॅनियमच्या एका पेटीवर पेलला. दोन इंजिने एकमेकांपासून दूर ठेवल्यामुळे मधल्या रुंद, सपाट भागाकडूनही विमानास उचल मिळे.

या प्रत्येक सोयीची किंमत होती. फिरत्या पंखांच्या यंत्रणेने वजन आणि देखभाल वाढवली. इंजिने दूर असल्याने एक मंदावले, की दुसऱ्याचा जोर विमानाला एका अंगाला वळवी. मूळचे टीएफ-३० इंजिन तर अशा मंदावण्याविषयीच कुप्रसिद्ध होते. ते तात्पुरते म्हणून बसवले होते. नियोजित पर्याय बारगळला आणि नवे इंजिन असलेली विमाने १९८७ पासून येऊ लागली. तोवर धोका वैमानिकांनी पत्करला.

पैशाची बाजूही बोलकी आहे. ठरलेल्या किमतीच्या करारात महागाईमुळे ग्रमन तोट्यात गेली. १९७४ साली तिला सावरण्यासाठी इराणच्या सरकारी बँक मेल्लीने ७.५ कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि शहाने ८० विमाने मागवली. तेलाचे ते उत्पन्न ज्या जनतेचे होते, तिला कोणी विचारले नाही.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पंख किती वळवायचे हे उड्डाणात क्षणोक्षणी ठरवणारा एक छोटा गणकयंत्र-संच स्टीव्ह गेलर, रे होल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ते १९७० या काळात तयार केला. इंटेलची ४००४ ही प्रसिद्ध चिप १९७१ ची. पहिला मायक्रोप्रोसेसर कोणता, हा वाद बाजूस ठेवू. परंतु होल्ट यांनी १९७१ साली लिहिलेला निबंध प्रसिद्ध करण्यास नौदलाने मनाई केली. तो उघड झाला १९९८ साली.

लष्करी गुप्ततेला कारणे असतात, हे मान्य. विमानातील रडारचे तपशील कोणी चव्हाट्यावर मांडावेत असे मी म्हणणार नाही. पण गणन करण्याची एक सर्वसाधारण पद्धत सत्तावीस वर्षे कुलूपबंद ठेवणे, हे करदात्याने दिलेल्या पैशातून निर्माण झालेले ज्ञान करदात्यापासूनच हिरावून घेणे होय.

हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. एप्रिल २०२५ मध्ये भारताने आपल्या नौदलासाठी २६ राफेल-मरीन विमानांचा सुमारे ६३,००० कोटी रुपयांचा करार फ्रान्सशी केला. तेही दोन इंजिनांचेच विमान आहे. करारात तंत्रज्ञान-हस्तांतराचा उल्लेख आहे. ‘किती विमाने व केवढ्यास’ एवढेच विचारून कार्यकर्त्यांनी थांबू नये. कोणते ज्ञान मिळणार, ते कोणाच्या हाती राहणार आणि त्यातले किती आपल्या कारखान्यांपर्यंत व अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत पोहोचणार, हे आपल्या खासदारांना विचारले पाहिजे. विमाने काही दशकांत जुनी होतात. शिकलेली माणसे मात्र देशात उरतात.