केंद्रकांतील बिऱ्हाडें

शाळेच्या पुस्तकांत गुणसूत्रांचें जें चित्र असतें तें बहुतेकांच्या परिचयाचें आहे : आंखूड, जाड, फुलीसारखीं गुणसूत्रें जोडीजोडीनें ओळींत मांडलेलीं. चित्र खोटें नाहीं. पण तें पेशीच्या आयुष्यांतील एका अल्प घटकेचें, म्हणजे एका पेशीच्या दोन होतात त्या वेळचें आहे. बिऱ्हाड हलवितांना ट्रंका-वळकट्या बांधून ओटीवर ठेवलेल्या घराचें छायाचित्र पाहावें आणि त्यावरून तेथील नित्याचा संसार कसा चालतो हें सांगूं लागावें, तसाच तो प्रकार होय. एरवीं हींच गुणसूत्रें उकलून, पसरून केंद्रकांत राहतात. आणि जनुकांचें बहुतेक सारें कामकाज याच स्थितींत चालतें.

आतां या घराचें माप पाहा. मनुष्याच्या एका पेशींतील ४६ गुणसूत्रांमधील डी. एन. ए. चे धागे टोकाला टोक लावून मांडले, तर लांबी सुमारें २ मीटर भरते; आणि ज्या केंद्रकांत तें सारें मावतें त्याचा व्यास सामान्यतः एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनहि कमी असतो. केंद्रक फुगवून लिंबाएवढें केलें अशी कल्पना केली, तर त्या प्रमाणांत धागा १० किलोमीटर लांब होईल, आणि तरीहि आपल्या केसाहून कितीतरी बारीक राहील.

एवढा धागा एवढ्याशा जागेंत कोंबल्यावर सारीं गुणसूत्रें एकमेकांत मिसळून जातात, कीं प्रत्येकाची जागा निराळी राहते? कार्ल राब्ल या ऑस्ट्रियन शारीरशास्त्रज्ञानें १८८५ सालीं सॅलमँडर नांवाच्या उभयचर प्राण्याच्या पेशी पाहून असा तर्क केला कीं, विभाजन संपल्यावरहि गुणसूत्रें आपापली जागा सोडीत नाहींत. पुढें १९०९ सालीं थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञानें घोड्याच्या आंतड्यांतील जंताच्या भ्रूणपेशी न्याहाळून तोच विचार पक्का केला, आणि गुणसूत्राच्या या जागेला 'प्रदेश' असें नांव दिलें. मला स्वतःला 'बिऱ्हाड' हा शब्द अधिक समर्पक वाटतो. प्रदेश म्हटला कीं सीमेवर पहारा आला. येथें तर शेजाऱ्यांच्या कडा थोड्याफार एकमेकांत शिरलेल्या असतात, वाड्यांतल्या सामाईक ओसरीप्रमाणें.

पण बोव्हेरीचें म्हणणें पुढें मागें पडलें. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं केंद्रकांत कोठेंच सीमारेषा दिसेनात. तेव्हां आंत शेवयांसारखा लगदा असावा असें पुष्कळांचें मत झालें. तें खोडून काढण्यासाठीं थॉमस व ख्रिस्तोफ क्रेमर या जर्मन बंधूंनीं जी युक्ति योजिली ती मोठी मार्मिक होती. त्यांनीं जिवंत पेशीच्या केंद्रकांतील एका लहानशा बिंदूवर अतिनील लेसर किरणांची सूक्ष्म शलाका रोखली. सारें मिसळलेलें असेल, तर एके ठिकाणीं टोंचलें तरी बहुतेक सर्व गुणसूत्रांना थोडी थोडी इजा व्हावी. बिऱ्हाडें वेगळीं असतील, तर मोजकींच गुणसूत्रें जबर जखमी व्हावीं आणि बाकीचीं सुखरूप राहावीं. घडलें तें दुसरेंच! १९८२ सालीं हे प्रयोग प्रसिद्ध होईपर्यंत बोव्हेरीला जाऊन ६७ वर्षें लोटलीं होतीं. पुढें एकेका गुणसूत्राला चमकता रंग देण्याची कृति निघाली, आणि तर्कानें जाणलेलें डोळ्यांनीं दिसूं लागलें.

बिऱ्हाडांची वांटणीहि यदृच्छेनें झालेली नसते. मनुष्याचीं १८ वें व १९ वें हीं गुणसूत्रें आकारानें फारशीं भिन्न नाहींत. परंतु जनुकांनीं गजबजलेलें १९ वें केंद्रकाच्या मध्याकडे, तर विरळ वस्तीचें १८ वें भिंतीलगत असतें, असें १९९९ सालीं एडिंबरो येथील संशोधकांनीं दाखविलें. (आईकडून आलेलें व बापाकडून आलेलें अशीं एकाच जोडीचीं दोन गुणसूत्रें मात्र बहुधा शेजारीं राहत नाहींत!)

शेजाराचा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. धागे अधूनमधून तुटतात. पेशी ते जोडते. पण दोन शेजारी एकाच वेळीं तुटले, तर याचें टोक त्याला जोडलें जाण्याचा धोका असतो. कर्करोगाचें मूळ गुणसूत्रांच्या बिघाडांत असावें, हें बोव्हेरीनेंच १९१४ सालीं लिहून ठेविलें होतें. १९६० सालीं फिलाडेल्फिया येथें एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांत एक विलक्षण आंखूड गुणसूत्र आढळलें. त्याचा उलगडा १९७३ सालीं शिकागोच्या जॅनेट राउली या विदुषीनें केला. चार मुलांचा संसार सांभाळून ही बाई घरींच जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांच्या छायाचित्रांचीं कात्रणें जुळवीत बसे. ९ व्या व २२ व्या गुणसूत्रांनीं आपापल्या टोकांची अदलाबदल केली आहे, हें त्या कात्रणांतूनच तिच्या ध्यानांत आलें. या घोटाळ्यांत जीं दोन जनुकें एकत्र सांधलीं जातात, तीं रक्त निर्माण करणाऱ्या पेशींत केवळ योगायोगानें यावीं त्याहून अधिक जवळ नांदतात, असें पुढें दिसून आलें. शेजार हें एकटें कारण खचित नव्हे, पण तो अपघाताला वाव देतो.

त्या जोडजनुकापासून बनणारें प्रथिन पेशीला वाढत राहण्याची अखंड आज्ञा देतें. त्याला रोखणारें इमॅटिनिब हें औषध २००१ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. आणि पूर्वीं ज्या रोगांत निदानानंतर कांहीं वर्षांतच मृत्यु ओढवे, त्याचे अनेक रोगी आज अशा गोळ्यांच्या बळावर जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतात.