सिकलसेल : निदानानंतरचे काय?

अमरावती, अकोल्यासह विदर्भात सिकलसेल हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आजार आहे. २०४७ पर्यंत त्याचे निर्मूलन करण्यासाठी केंद्राने जुलै २०२३ मध्ये मोहीम आखली. ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. मात्र निदानानंतरचे काय? हायड्रॉक्सियुरिया हे औषध डीएनएचे घटक तयार करणाऱ्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या विकराला रोखते. या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढून वेदनेचे झटके कमी होतात. पण पांढऱ्या पेशीही घटू शकतात. म्हणूनच नियमित रक्ततपासणी अनिवार्य ठरते. मेळघाटातील धारणी, चिखलदऱ्याच्या रुग्णाला त्यासाठी मजुरी बुडवून दूर जावे लागले, तर औषध अर्ध्यावर सुटणारच. किती जणांची तपासणी झाली यापेक्षा किती जणांचे उपचार टिकले, हीच मोहिमेची खरी कसोटी होय.