जळकं ऑइल खाडीत ओतू नका!

नाखवांनो, गॅरेजवाल्या दादांनो, हात जोडून सांगतो. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल पाण्यात ओतू नका. गटारातही नको, गटार शेवटी खाडीलाच मिळतं.

या ऑइलात बेन्झोपायरीनसारखी कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात. ती गाळात जाऊन बसतात. गाळातला लेप, शिंगाळा ती गिळतो आणि सगळा भार त्याच्या लिव्हरवर पडतो. विष बाहेर टाकता यावं म्हणून लिव्हर त्याचं रूप पालटतं. गोम इथेच आहे. मधल्या एका टप्प्यावर ते मुळाहून घातक होतं आणि पेशीच्या डीएनएलाच चिकटतं.

अमेरिकेत सिएटलजवळ, प्युजेट साउंड या खाडीच्या दूषित गाळात हे दिसलं. ‘इंग्लिश सोल’ माशाच्या लिव्हरमध्ये गाठी निघाल्या. ‘स्टारी फ्लाउंडर’मध्ये त्या मानाने कमी. दोन्ही चपटे, दोन्ही तळाचे. पण सोलचं लिव्हर विषाला झपाट्याने जहाल करतं, फ्लाउंडरकडे ते निकामी करणारं एन्झाइम जास्त. आपल्या लेपाच्या नशिबी यातलं काय, याची परीक्षा आपण घ्यायला नको!

म्हणून आजच ठरवा. ऑइल बदलताना खाली पसरट डबा धरा. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी मिसळू नका. कायद्याने हा घातक कचरा आहे. अधिकृत रिसायकलरलाच द्या. वाळवीसाठी लाकडाला फासायलाही नको.

मासा निदान हे विष फोडतो, त्यामुळे त्याच्या मांसात ते फारसं उरत नाही. कालवं, तिसऱ्यांना ते नीट जमत नाही. त्या साठवत जातात. ओहोटीला खडकावर वाकून आई कालवं फोडते. संध्याकाळी तीच पोरांच्या ताटात येतात. ही ताटं तुमच्याच घरातली आहेत.

अजून वेळ गेलेली नाही. प्युजेट साउंडमधल्याच ईगल हार्बरला लाकडावर क्रिओसोट (अशीच द्रव्यं असलेलं डांबरी तेल) चढवणाऱ्या कारखान्याने गाळ नासवला होता. १९९३-९४ मध्ये त्यावर स्वच्छ गाळाचा थर घातला आणि पुढच्या वर्षांत सोलमधला लिव्हरचा आजार उतरला. तिथे सरकारला मोठा खर्च पडला. तुम्हाला लागतो एक कॅन.

मच्छीमार सोसायट्यांनो, बंदरावर जळक्या ऑइलचं पिंप ठेवा. या हंगामाची पहिली बोट सुटण्याआधी ठेवा.