आधी क्रमांक, मग माणूस

स्वीडन परक्याशी उद्दामपणे वागतो, असे त्याचे टीकाकारही म्हणणार नाहीत. तेथील कारकून सौजन्यशील असतो. तो चहापाण्याची अपेक्षा धरीत नाही. तो एवढेच विचारतो : आपला व्यक्तिक्रमांक कोणता?

१९४७ साली त्या राष्ट्राने रहिवाशांना जन्मतारखेवर बेतलेले क्रमांक देण्यास प्रारंभ केला. लोकसंख्येची नोंद १९९१ पर्यंत चर्चकडे असे; पुढे ती करखात्याकडे गेली. तेथे जन्मलेले मूल जणू क्रमांक घेऊनच पाळण्यात निजते, त्यामुळे या व्यवस्थेचा काच त्याला जन्मभर जाणवत नाही. बाहेरून आलेल्याची गोष्ट निराळी. निदान वर्षभर राहण्याचा इरादा असेल तरच त्याला हा क्रमांक मिळतो. क्रमांक नाही म्हणून बँका जे 'बँकआयडी' हे ओळखीचे साधन देतात ते नाही. ते नाही म्हणून 'स्विश'ने पैसे देता येत नाहीत. आणि रोकड तर त्या देशातून जवळजवळ हद्दपार झाली आहे. पारपत्र व नेमणुकीचे पत्र खिशात असूनही गृहस्थ कोणीच नसतो.

अल्पकाळ राहणाऱ्यांसाठी 'समन्वय क्रमांक' आहे खरा. त्यात जन्माच्या दिवसात ६० मिळवितात. म्हणजे १५ तारखेस जन्मलेला मनुष्य कागदोपत्री ७५ तारखेस जन्मतो! आमच्या पंचांगकर्त्यांनाही ही तिथी सुचली नसती. परंतु हा धाकटा क्रमांक थोरल्याइतका चालत नाही, आणि पुण्या-मुंबईहून सहा-आठ महिन्यांच्या कामगिरीवर स्टॉकहोम वा गोथेनबर्गला जाणारा आमचा तरुण अभियंता नेमका याच फटीत सापडतो.

चोरलेल्या ओळखीची व काळ्या पैशाची भीती खोटी नव्हे. तथापि ही गाठ सुटण्याजोगी आहे, हे स्वीडननेच दाखविले आहे. एके काळी नवागताला साधे ओळखपत्र मिळविण्यासाठी स्वीडिश ओळखपत्रधारक नातलगाची साक्ष लागे. जो एकटाच आला त्याने नातलग आणावा कोठून? जून २००९ पासून करखाते स्वतः ओळखपत्रे देऊ लागले आणि तो पेच पुष्कळसा सुटला. युरोपीय संघात कायदेशीर वास्तव्य असणाऱ्यास साध्या बँकखात्याचा हक्क २०१४ च्या निर्देशाने दिलेलाच आहे. तो खिडकीपर्यंत पोहोचविणे हे बँकांचे काम होय. आणि येथून माणसे धाडणाऱ्या कंपन्यांनी विमानाच्या तिकिटाबरोबर खात्याची व घराचीही तजवीज आधी करून द्यावी.