मिरची, मायचे हात आणि एक नोंदवही

मिरचीचा हंगाम आला की आमच्या कुही-मांढळ भागात सातरे लागतात. लाल मिरचीचे ढीग पडतात आणि बायका ओळीने बसून देठ खुडतात. मजुरी किलोवर. माझी माय त्यांतलीच एक. रात्री तिच्या बोटांची आग होते, तेव्हा ती आधी तेल चोळते. अकरावीत असताना मी तिला शहाणपण शिकवायला गेले होते, "गार पाण्यात हात बुडव." ती म्हणाली, "पान्यानं नाई जात ते. तेल लाव आंधी, मंग साबन." मी हसले होते. घरात पहिल्यांदा कॉलेजात जाणाऱ्या माणसाला असा थोडा गर्व होतोच!

यंदा ते हसू माझ्यावरच उलटले. संगणकावर काही मोठ्या नोंदवह्या सर्वांसाठी खुल्या आहेत. एखाद्या रसायनाचे नाव घातले, की ते कोणकोणत्या प्रथिनांशी जाऊन भिडते, हे त्या सांगतात. अमेरिकेतील 'पबकेम' 2004 पासून आहे. युरोपात 'स्टिच' नावाची नोंदवही झाली; तिच्या 2016 च्या पाचव्या आवृत्तीत सुमारे 4 लाख 30 हजार रसायने होती. आपल्याकडे चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी 2018 साली 'इम्पॅट' हा संग्रह मांडला. त्यात 1742 भारतीय औषधी वनस्पती आणि त्यांतील 9596 घटक नोंदले होते. प्रवेशमूल्य नाही, कोणाची शिफारस नाही.

मी मिरचीतल्या तिखटाचे नाव घातले : कॅप्सेसिन. समोर आले 'टीआरपीव्ही १'. हे प्रथिन म्हणजे आपल्या वेदना जाणणाऱ्या मज्जापेशींच्या भिंतीतला एक दरवाजा. सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की तो उघडतो आणि मेंदूला 'भाजले' असा निरोप जातो. कॅप्सेसिनही तोच दरवाजा उघडते. म्हणजे मिरचीने हाताची 'आग' होते हा आपला शब्द अलंकारिक नाही, अक्षरशः खरा आहे. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये हा दरवाजा मिरचीच्याच आधारे शोधला. 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्या शोधाचा वाटा होता. पक्ष्यांच्या दरवाजावर मात्र कॅप्सेसिनचा असा परिणाम होत नाही, म्हणून पोपट मिरची खुशाल खातो. आणि हो, कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. गार पाण्याने घटकाभर बरे वाटते एवढेच. मायचे बरोबर होते.

काही मित्र म्हणतील, कला शाखेच्या मुलीला ही उठाठेव कशाला? मला वाटते, ही उठाठेव आपलीच आहे. इतिहासाच्या तासाला आपण शिकतो, की कागद सापडला म्हणजे पुरावा झाला असे नव्हे. तो कोणी, कधी, कशावरून लिहिला हे विचारावे लागते. या नोंदवह्यांनाही तोच नियम लावावा लागतो. 'स्टिच'मधल्या काही जोड्या प्रयोगाने ठरलेल्या असतात, तर काही केवळ दोन नावे अनेक शोधनिबंधांत एकत्र आढळली म्हणून यंत्राने जोडलेल्या. प्रत्येक जोडीपुढे विश्वासाचा आकडा असतो. तो न वाचता 'शास्त्राने सिद्ध झाले' म्हणणारे लोक वाढत आहेत, आणि त्यांत पदवीधर कमी नाहीत.

दुसरे दुखणे भाषेचे. दार सताड उघडे आहे, पण उंबरठा इंग्रजीचा आहे. मला एक पान वाचायला दोन संध्याकाळी लागल्या. ज्यांच्या बोटांवर हे रसायन रोज बसते, त्यांच्यापर्यंत त्यातली ओळ पोचत नाही. नोंदवहीत प्रथिनाला रकाना आहे, सातऱ्याला नाही. त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. तिचे ते कामच नव्हे. पण मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या आपण पोरांनी निदान मिरची, कापसावरची फवारणी, तंबाखू एवढ्यांच्या नोंदी सोप्या मराठीत उतरवून भित्तिपत्रकावर लावायला काय हरकत आहे? विज्ञानाच्या जाणकारांकडून त्या तपासून घेऊ. स्नेहसंमेलनाच्या पताकांहून त्याला खर्च कमी येईल.

पहिला कागद मी मायला वाचून दाखविला. ती खुडता खुडता थांबली नाही. शेवटी विचारले, "मंग त्या दरवाजाले कुलूप नाई लावता येत काय?" मी पुन्हा शोधत बसले. औषध कंपन्यांनी तसे कुलूप करून पाहिले होते. ते घेतलेल्या काही लोकांना ताप चढला, कारण अंगाची उष्णता सांभाळण्यातही त्या दरवाजाचा हात असतो. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "राहू दे मंग," आणि तेलाची वाटी पुढे ओढली.